सकाळी जर्मन, दुपारी फ्रेंच

८ नोव्हेंबर १९३२

संप मिटला. ट्राम सुरू झाल्या, म्हणून रेगीना आणि मी वेळेवर स्टुडिओत पोचलो.

चित्रीकरणाचा पहिला दिवस. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. श्टेटीनच्या रंगभूमीवर मी नायकाचा मित्र झालो, नायिकेचा भाऊ झालो, तिसऱ्या अंकात उशिरा येणारा डॉक्टर झालो. आता पहिल्यांदा नायक, तोही बोलपटात. इथे लिहून ठेवतो. मोठ्यानं म्हटलं की खोटं वाटतं.

गोष्ट साधी आहे. हॉटेलातला लिफ्टवाला सुट्टीच्या दिवशी उमराव असल्याचं सोंग करतो. त्याच हॉटेलात बायकांची नखं रंगवणारी मुलगी श्रीमंत विधवा असल्याचं सोंग करते. दोघं एकमेकांवर भाळतात. शेवटी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, सोंगं गळून पडतात, चुंबन, गाणं, समाप्त. लिफ्टवाला मी. मुलगी माझी बायको, रेगीना.

चित्रपट दोनदा होणार आहे. सकाळी जर्मन, दुपारी फ्रेंच. तोच सेट, तेच दिवे, जमिनीवर खडूच्या त्याच खुणा. रेगीना श्ट्रासबुर्गची, दोन्ही भाषा तिच्या घरातल्या, म्हणून तिला बदलायचं नाही. पुरुष तेवढा बदलायचा. दुपारचा पुरुष पॅरिसहून आला आहे. नाव गास्तों मारेल. दात चांगले आहेत.

कपडेपटातल्या मील्केबाई माझ्या कोटाला पिना लावत होत्या. म्हणाल्या, "पोट आत घ्या, टेस्मरसाहेब. हाच कोट दुपारी त्या फ्रेंचाला घालायचाय."

"मग त्यालाच सांगा पोट बाहेर काढायला."

"त्याला पोटच नाही हो." मग दातात पिना धरून म्हणाल्या, "बायकोचे उपकार माना. 'नवरा नायक असेल तरच दोन्ही करते,' असं तिनं कंपनीच्या साहेबांना तोंडावर सांगितलं म्हणे."

हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखा हसलो.

१० नोव्हेंबर

नाटकात लोक हसले की मी थांबायचो, हसू ओसरलं की पुढचं वाक्य टाकायचो. इथे हसायला बंदी आहे. सगळे लोकरी चपला घालून वावरतात. कुबिश नावाचा ध्वनिमुद्रक काचेमागे बसतो आणि मान हलवतो. दिग्दर्शक पिरिंगर व्हिएन्नाचा आहे. तो म्हणतो, "कुबिश म्हणजे देव. दिसत नाही, आणि केलेलं काही आवडत नाही."

माझे विनोद मेलेल्या कबुतरासारखे खाली पडतात. कुणी उचलत नाही.

दुपारी घरी न जाता फ्रेंच प्रसंग बघायला थांबलो. दिवेवाल्यांना, सुतारांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही. तरी वरच्या फळीवरचा दिवेवाला तोंडात टोपी कोंबून हसत होता. खांदे गदागदा हलत होते. मारेल आणि रेगीना फक्त एका दारातून आत येत होते. दोघांनाही आधी जायचं होतं, एवढंच.

सकाळी त्याच दारात मी तिला वाट करून दिली होती.

१६ नोव्हेंबर

रेगीनानं मला फ्रेंच शिकवायला घेतलं आहे. रोज जेवणानंतर. मी दमलेला असतो.

"कशाला पण? मारेल तुझ्याशी काय बोलतो ते मला कळावं म्हणून?"

"तुला पाव मागता यावा म्हणून," ती म्हणाली.

असा टोमणा तिनं पूर्वी कधी मारला नव्हता. मी उठून खिडकीशी गेलो. खाली खाकी सदऱ्यातली पोरं डबे वाजवत वर्गणी मागत होती. एकानं वर बघून हात केला. मीही केला. रेगीनानं पडदा ओढला. अलीकडे ती दिवे लागायच्या आधीच पडदे ओढते.

जिन्यात घरमालकीण झास्ट्रोबाई भेटल्या. "तुमच्या मिसेस फार हुशार हो," म्हणाल्या. "दोन-दोन भाषा, दोन-दोन पगार! या लोकांची डोकी चालतातच." मी आभार मानले. रेगीनाला सांगितलं तर तिनं काटा ताटात ठेवला आणि पुढे जेवलीच नाही. कौतुकही सोसत नाही हल्ली.

२४ नोव्हेंबर

आज लिफ्ट.

लिफ्टला तीन भिंती, चौथीच्या जागी कॅमेरा. इतकी अरुंद, की माझी बटणं तिच्या बटणांना लागायची. माझं वाक्य: "बाईसाहेब, मी उमराव नाही. मी फक्त वर-खाली करतो." तिचं: "मग आता मध्येच थांबा." मग चुंबन.

पिरिंगर ओरडला, "डोळे मीट, रेगीना! तू प्रेमात पडलीयेस, पत्ता शोधत नाहीयेस."

पुन्हा केलं. तिचे डोळे उघडेच. माझ्या चेहऱ्यावर रोखलेले, पापणीसुद्धा हलत नव्हती. पिरिंगर हात जोडून म्हणाला, "बाई गं, चुंबनात डोळे मिटतात हे तिकीट फाडणाऱ्यालाही कळतं." तिसऱ्यांदाही तेच. शेवटी त्यानं कॅमेरा तिच्या टोपीच्या मागे नेला, म्हणजे डोळे दिसायला नकोत.

दुपारी मारेल. तीच लिफ्ट, तीच टोपी. तो वाकला आणि तिचे डोळे आपोआप मिटले. सावकाश, जसे मिटायला हवेत तसे. एका टेकमध्ये झालं. कुबिशनंसुद्धा काचेआडून अंगठा वर केला.

मी सुतारांच्या ढिगाऱ्यावर बसून पाहिलं. मी या धंद्यात वीस वर्षं आहे. मिटलेले डोळे म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

२५ नोव्हेंबर

बोललो. बोलायचं नव्हतं.

"त्याच्या वेळी डोळे मिटले. माझ्या वेळी नाही."

ती मोजे रफू करत होती. "तिथे मी काम करत होते, आल्विन."

"आणि माझ्याबरोबर?"

"तुझ्याबरोबर मला तू दिसायला हवा होतास. सध्या जितका दिसशील तितका."

"वा! हे संवाद कुणी लिहिले?"

तिनं दोरा दातानं तोडला. दोषी माणूसच असा गप्प बसतो.

१४ डिसेंबर

चित्रीकरण संपलं. सेट मोडताना बघितला. हॉटेलचा दर्शनी भाग पुठ्ठ्याचा होता, फिरतं दार तेवढं खरं. लिफ्टची कोठी झाकून मागच्या शेडमध्ये ठेवली.

कँटीनमध्ये रेगीना आणि मारेल कोपऱ्यात बसले होते. ती भराभर बोलत होती, तो मान डोलवत होता. मी गेल्यावर दोघं थांबले. मारेल उभा राहिला, माझा हात दोन्ही हातांत घेऊन आपल्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "तुम्ही… येणार. मी बोलणार. तुमची बायको… फार चांगली. तुम्ही… काळजी नको."

"मला कसलीच काळजी नाही," मी म्हणालो.

त्याला कळलं नसावं. माझा हात सोडला नाही त्यानं.

२८ डिसेंबर

रेगीनानं मोठी पेटी बहिणीकडे श्ट्रासबुर्गला धाडली. हिवाळी कपडे, चांदीचे चमचे, तिच्या आईची मेणबत्त्यांची दिवली. भर थंडीत हिवाळी कपडे. पेटीत माझा जाड कोटही होता. म्हटलं, "माझा कोट कशाला?" तर म्हणते, "तिथे वारं बोचरं असतं."

बायको हळूहळू घर रिकामं करते आहे आणि मला वेड्यात काढते आहे. जुना कोट घालून फिरतो. बाही उसवली आहे.

३१ जानेवारी १९३३

काल नवा चान्सेलर झाला. संध्याकाळभर मशालींची मिरवणूक. ट्राम अडल्या, मी चालत आलो. गाणी बरी होती, सूर कच्चा. रेगीना घरात दिवा न लावता बसली होती. मी दिवा लावला, तिनं विझवला. मी चिडून म्हणालो, "ही माणसं महिना-दोन महिन्यांत जातात. आधीची गेली नाहीत का?"

"आधीच्यांनी माझ्या नावानं गाणी म्हटली नव्हती," ती म्हणाली.

तिच्या नावानं कोण गाणार? यहुदी आहे म्हणून प्रत्येक गोष्ट स्वतःवर घेते. तिच्या आईचीही हीच सवय होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी तरी तिला कधी वेगळं मानलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज सगळं सांगितलं तिनं. म्हणजे तिला वाटतं सगळं.

पॅरिसमध्ये जर्मन भाषेतले दोन बोलपट होणार आहेत. मारेलनं शब्द टाकला आहे. दोघांनाही काम मिळेल. मला आधी छोटी भूमिका.

"कसली?"

"एका हॉटेलमालकाची. तीन प्रसंग आहेत."

"आणि नायक?"

नायक मारेल असणार नाही, त्याला जर्मन येत नाही, हे मलाही समजतं. पण विचारल्यावर ती गप्प का बसली?

"म्हणजे त्यानं तुला न्यायचं, आणि मी सामानाबरोबर यायचं."

"आल्विन, त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. मी त्याच्या पाया पडायची बाकी होते तुझ्यासाठी."

"तेच म्हणतोय मी. पाया का पडावं लागतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण बहिऱ्या माणसाकडे पाहतो. मग हसू लागली. फार वेळ हसली. त्या हसण्यात मला भाग घेता आला नाही.

इथे माझा चित्रपट मार्चमध्ये लागणार आहे. माझं नाव हाताएवढ्या अक्षरांत. तिथे मी पाव मागणार.

२८ फेब्रुवारी

संसद जळली. आकाश सकाळपर्यंत धुरकट होतं. रेगीना शनिवारी जाते म्हणाली. "तू?"

"प्रीमियर झाल्यावर."

"प्रीमियर होणार नाही. निदान माझ्यासकट नाही."

अपशकुनी बोलू नकोस म्हणालो.

४ मार्च

गेली.

स्टेशनवर गर्दी होती. माणसं मोठमोठ्या पेट्या घेऊन लहान सुट्टीला निघाल्यासारखी हसत होती. रेगीनानं दोन तिकिटं काढली होती, हे तिथे कळलं. फलाटावरच दाखवलं. म्हणाली, "नुसता चढ. दात घासायचा ब्रशसुद्धा लागणार नाही. सगळं तिथे आहे."

मी म्हणालो, "असं कुणी नायकाला पळवून नेतं का?" मला विनोद करायचा होता.

ती हसली नाही. माझ्या बाहीची उसवलेली शिवण बोटानं जुळवून धरली. गार्डनं शिटी दिली. ती खिडकीशी उभी राहिली, मी खाली. तिथेही माझ्याकडे तशीच बघत होती, डोळे न मिटता. मला संताप आला. निरोपाला तरी माणसानं रडावं.

दुसरं तिकीट तिनं खिडकीतून माझ्या हातात दिलं. खिशात आहे. परत केलं तर थोडे पैसे मिळतील, पण रांग मोठी होती.

१९ मार्च

प्रीमियर पुढे ढकलला. कारण कुणी सांगत नाही. पिरिंगर व्हिएन्नाला गेला. आई आजारी आहे म्हणे. मील्केबाई म्हणाल्या, "अहो, त्याची आई तर गेली केव्हाच. चुन्यात सांडलेल्या पाण्यासारखे गायब व्हायला लागलेत सगळे."

घर मोठं वाटतं. पडदे उघडेच ठेवतो आता.

५ एप्रिल

कंपनीचे नवे व्यवस्थापक डॉक्टर होल्ट्स यांनी बोलावलं. कोटाच्या कॉलरवर बिल्ला, बोलणं साखरेसारखं. सिगारेट दिली.

"टेस्मर, चित्रपट सुंदर झालाय. तुमच्यात मोठा नायक आहे. फक्त एक अडचण आहे, ती तुम्हाला ठाऊकच आहे."

मला ठाऊक नव्हती. तसं म्हणालो.

ते हसले. "तुम्ही फार सज्जन आहात. तुमच्या पत्नी या चित्रपटात राहू शकत नाहीत. एकाही थिएटरात लावू देणार नाहीत. त्यांची जवळची दृश्यं दुसऱ्या मुलीबरोबर पुन्हा घ्यायची. आठ दिवसांचं काम. मग पुढचे दोन चित्रपट, करार तयार आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तसंही त्या तुम्हाला सोडून गेल्यात, असं ऐकलं. त्या फ्रेंचाबरोबर."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सिगारेट कडू लागली. नाही म्हणणार होतो, शपथेवर. पण ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि वाटलं, कुणासाठी नाही म्हणायचं?

"लिफ्ट आहे अजून?" मी विचारलं.

"शेडमध्ये. जशीच्या तशी."

१९ एप्रिल

नवी मुलगी आन्नेलीझे. एकोणीस वर्षांची, हानोफरची, बेकरीवाल्याची लेक. रेगीनाची टोपी तिला मोठी होते, आत कागद भरला. तिला टोपी घालताना मील्केबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, माझ्याशीही नाही. फक्त जाता जाता म्हणाल्या, "पोट आत घ्यायची आता गरज नाही, साहेब. दुपारचा माणूस येत नाही."

तीच लिफ्ट. जमिनीवर नव्या खुणा काढल्या, पण जुना खडू पुसलेला नव्हता. चार पावलांच्या जागी आठ दिसत होती. "बाईसाहेब, मी उमराव नाही. मी फक्त वर-खाली करतो." पोरगी थरथरत होती. मी वाकलो. तिचे डोळे मिटले, अगदी वेळेवर.

एका टेकमध्ये झालं. नवा दिग्दर्शक माझी पाठ थोपटून म्हणाला, "तुम्ही काय वाक्य टाकलंत हो! शेवटी आवाज फाटला तो मुद्दाम का?"

मी हो म्हणालो.

वरच्या फळीवरचा दिवेवाला हसला नाही. तो जुनाच आहे. मी वर पाहिलं तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

२३ एप्रिल

रेगीनाचा फोन. फोन झास्ट्रोबाईंच्या बोळात आहे. त्या दाराआड उभ्या होत्या, चपला दिसत होत्या.

"कधी येतोस?"

"काम आहे."

"कसलं? सिनेमा तर डिसेंबरातच संपला."

"काही प्रसंग पुन्हा घ्यावे लागले."

"कोणते?"

मी सांगितलं. तारेत नुसती घरघर. मला वाटलं फोन तुटला.

मग ती म्हणाली, "मुलगी कोण?"

"नवीन आहे. पहिलाच चित्रपट."

"घाबरली असेल रे. तिच्याशी नीट वागलास ना?"

"वागलो."

"बरं केलंस." मग म्हणाली, "तुझा कोट इथे दाराशी टांगलाय. बहीण विचारते, मालक कधी येणार. मी म्हणते, येईल."

"पॅरिसला कधी जाणार?"

"ते काम गेलं. तू येईपर्यंत निघणार नाही म्हणून कळवलं होतं मी. त्यांनी दुसरीला घेतलं."

झास्ट्रोबाईंच्या चपला हलल्या. मी म्हणालो, "बघतो. मे महिन्यात प्रीमियर आहे, त्यानंतर बघतो." तिनं हळूच फोन ठेवला.

मी तिची जागा दुसरीला दिली, तरी तिला राग आला नाही. मत्सराचा एक शब्द नाही. जिला नवऱ्याचं काही वाटतं ती अशी बोलेल का? तिच्या मनातून मी कधीच उतरलो आहे. आज तरी खात्री पटली.

खात्री पटल्यावर बरं वाटतं असं ऐकलं होतं. वाटत नाही.

११ मे

सकाळी कंपनीच्या छोट्या खोलीत तयार चित्रपट दाखवला. होल्ट्स, नवा दिग्दर्शक, आन्नेलीझे आणि तिचे आईवडील. वडिलांनी सगळ्यांसाठी केक आणला होता. लोक हसले. माझ्या वाक्यांवर हसले. मोठ्यानं हसले, इथे बंदी नाही. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हसू.

मधे एक दृश्य आलं. हॉटेलचं फिरतं दार. हा सेट मोडला होता, पुन्हा बांधायला खर्च फार, म्हणून जुनंच ठेवलं. दुरून घेतलेलं आहे, बाई पाठमोरी आहे. दारातून आत येते, एका हातानं टोपी सावरते, चार पावलं चालते, क्षणभर थांबते, जणू आधी कुणी जायचं ते ठरवते. मग वळते, आणि वळल्यावर जवळचं दृश्य येतं, आन्नेलीझेचं.

चाल रेगीनाची. पाठ रेगीनाची. चेहरा बेकरीवाल्याच्या मुलीचा.

कुणाला काही कळलं नाही. होल्ट्स कुजबुजले, "जोड दिसतसुद्धा नाही."

सगळे केक खायला बाहेर गेले. मी थांबलो. यंत्र चालवणाऱ्याला म्हणालो, "तिसरं रीळ पुन्हा लावाल का?"

"कुठून, साहेब?"

"फिरत्या दारापासून."

"त्यात तुम्ही नाही पण."

"माहीत आहे."

त्यानं लावलं. ती आत आली. टोपी सावरली. चार पावलं. थांबली.

"इथे थांबवा," मी ओरडलो. "वळायच्या आधी."

"थांबवता येत नाही, साहेब. दिव्यासमोर उभी राहिली की फिल्म जळते."

ती वळली. दुसरी झाली.

बाहेरून आन्नेलीझेच्या वडिलांनी हाक मारली, "या ना टेस्मरसाहेब, केक संपतोय!"

"येतो," मी म्हणालो. आणि आत त्या माणसाला सांगितलं, पुन्हा लावा.